वैद्याची नाडी कोण पाहणार?

घरात कुणाला ताप आला, तर थर्मामीटर कुठे ठेवलाय हे कुणाला ठाऊक असतं? सासूबाईंची ब्लडप्रेशरची गोळी सकाळची की रात्रीची, धाकट्याच्या अंगावर कोणत्या औषधाने पुरळ उठतं, 'ह्यांना' काय खाल्लं की पित्त होतं, ही माहिती कुठल्याही वहीत लिहिलेली नसते. ती तुमच्या डोक्यात असते. मैत्रिणींनो, पदवी नसली तरी आपापल्या घरातल्या डॉक्टर आपणच! आता दुसरा प्रश्न विचारते. तुम्ही स्वतःला डॉक्टरकडे नीट दाखवून घेतलंत, ते शेवटचं कधी? आठवायला वेळ लागतोय ना? धाकट्याच्या बाळंतपणानंतर नाहीच, असं उत्तर आलं तर मला मुळीच नवल वाटणार नाही.

म्हणूनच आज तुम्हाला एका खऱ्याखुऱ्या डॉक्टरची गोष्ट सांगणार आहे. लोकांना बरं करता करता ज्यांना स्वतःलाच दुखण्याने गाठलं, अशा डॉक्टरची. नाव तुम्ही शाळेत ऐकलेलं आहे, पण ह्या बाजूने ती गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

आमच्या परळला के.ई.एम. हॉस्पिटल आहे आणि त्याच आवारात सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आहे. दोन्ही १९२६ च्या सुमाराला सुरू झाली. आजही सकाळी तिथून जा, गावोगावहून आलेली माणसं फुटपाथवर गाठोडी सोडून बसलेली दिसतील. कुणाच्या हातात केसपेपर, कुणाच्या हातात पेजेचा डबा. ह्याच कॉलेजातून सोलापूरचा एक तरुण डॉक्टर होऊन बाहेर पडला. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१० चा.

१९३८ साली जपानने चीनवर केलेल्या आक्रमणात जखमींचे हाल होत होते. चीनने मदत मागितली आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरवलं. अलाहाबादचे डॉ. अटल त्याचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी आणि पाचवे आपले कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईच्या बंदरातून ही मंडळी निघाली. ते तिकडे असतानाच इकडे वडील वारले. तरीही कोटणीस परतले नाहीत. पथकातले बाकीचे एकेक करून मायदेशी आले, हे मात्र उत्तर चीनमधल्या डोंगराळ भागात जखमी सैनिकांची ऑपरेशनं करत राहिले. जानेवारी १९४१ मध्ये तिथल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षी नर्सिंग शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान ह्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. आई आणि बाप दोघांचेही देश एका नावात आले.

इथवरची गोष्ट आपण शाळेत शिकलो. पुढची मात्र घाईघाईने उरकली जाते. डॉ. कोटणीसांना फिट्स येऊ लागल्या होत्या. आपण ज्याला अपस्मार, मिरगी किंवा फेफरं म्हणतो, तोच आजार. आता पाहा, शेकडो रोगी तपासलेल्या माणसाला ह्या झटक्यांचा अर्थ कळला नसेल का? त्याला तर सगळ्यांत आधी कळला असणार! बायको नर्स, आजूबाजूला डॉक्टरच डॉक्टर. काम सोडून उपचारासाठी दुसरीकडे जा, असा सहकाऱ्यांनी आग्रह केला. ते गेले नाहीत. जखमी येतच होते, विद्यार्थी शिकायला बसले होते, शस्त्रक्रियेवरचं पुस्तक लिहून व्हायचं होतं. ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे, लागोपाठ आलेल्या झटक्यांत त्यांचा अंत झाला. वय अवघं ३२. बाळ साडेतीन महिन्यांचं होतं. पुस्तक अर्धंच राहिलं.

चारच वर्षांनी, १९४६ साली, व्ही. शांताराम ह्यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. त्यांचं राजकमल कलामंदिर म्हणजे परळचंच. कोटणीस झाले स्वतः शांताराम आणि त्यांची चिनी पत्नी झाल्या जयश्री. ज्या परळात हा मुलगा नाडी पाहायला शिकला, तिथेच त्याची कहाणी पडद्यावर उभी राहिली. सोलापूरला आज त्यांचं स्मारक आहे, तिकडे चीनमध्ये पुतळे आहेत. हा मान त्यांचाच आहे आणि तो त्यांना मिळालाच पाहिजे. चहूकडे युद्ध पेटलेलं असताना जखमींना टाकून जायचं नाही, हा निर्णय घेणाऱ्या माणसाचा उणेपणा काढायला मी बसलेली नाही.

पण मनात एक प्रश्न राहतोच. ज्याच्यावर इतक्यांचे जीव अवलंबून, त्याने स्वतःला जपणं हा स्वार्थ म्हणायचा की तेही कामच? दोन वर्षंही पुरी झाली नाहीत आणि त्या हॉस्पिटलला आपला प्रमुख गमवावा लागला.

ह्या प्रश्नाला उत्तर म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरची हकीकत सांगते. त्यासाठी फार लांब जायला नको. कोटणीस ज्या हॉस्पिटलचे प्रमुख होते, ते ज्यांच्या नावाचं, तेच हे डॉ. नॉर्मन बेथ्यून. कॅनडाचे सर्जन. १९२६ साली त्यांना क्षय झाला. तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं ते पुढे १९४३ साली. अमेरिकेतल्या एका सॅनटोरियममध्ये बेथ्यून दाखल झाले. स्वच्छ हवा, सकस अन्न आणि खाटेवर पडून राहणं, एवढाच उपचार. आपण आता मरणार, ह्याची खात्रीच झालेली. तिथल्या भिंतीवर त्यांनी आपल्या आजाराची आणि मरणाची चित्रंही काढून ठेवली!

मग एके दिवशी त्यांच्या वाचनात एक पुस्तक आलं. क्षयावरच्या शस्त्रक्रियांचं. छातीत सुईने हवा भरायची, आजारी फुप्फुस दाबून काही काळ निजवून ठेवायचं, म्हणजे विश्रांती मिळून आतली जखम भरते, असा एक उपाय त्यात होता. तिथले डॉक्टर कचरत होते, कारण त्यात धोका होता. बेथ्यूननी हट्टच धरला. माझ्यावर करा, धोका मला मान्य आहे. १९२७ साली तो उपचार झाला आणि काही महिन्यांत ते हिंडूफिरू लागले. पुढे छातीच्या शस्त्रक्रियेतच त्यांनी नाव काढलं. स्पेनच्या युद्धात आणि मग चीनमध्ये जखमींची सेवा केली. १९२७ साली हा माणूस रोगी व्हायला तयार झाला नसता, तर पुढचे हजारो जखमी कुणी पाहिले असते? मरण कवटाळण्यात जसं शौर्य आहे, तसंच खाटेवर निमूट पडून 'माझ्यावर उपचार करा' म्हणण्यातही आहे, बरं का!

आणि गंमत पाहा, म्हणजे गंमत कसली, दैवदुर्विलासच. ह्याच बेथ्यूनचा शेवट कसा झाला? १९३९ साली चीनमध्ये ऑपरेशन करताना बोट कापलं. हातमोजे नव्हते. बोट चिघळलं, तरी त्यांनी काम थांबवलं नाही. रक्तात विष भिनलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले. खाटेवर असताना जो स्वतःसाठी भांडला, तोच पुन्हा डॉक्टर झाल्यावर स्वतःचं बोट विसरला. आज चीनमधल्या एकाच स्मशानभूमीत, शिच्याच्वांग शहरात, बेथ्यून आणि कोटणीस दोघांच्याही समाधी आहेत.

मला ह्यातून जे दिसतं, ते असं. दुसऱ्यांची काळजी वाहण्याची एकदा सवय जडली की आपलं शरीर आपल्याला दिसेनासं होतं. दुसऱ्याचं दुखणं म्हणजे दुखणं आणि आपलं म्हणजे 'जरा कणकण'. डॉक्टरांचं तर आणखीच अवघड. ज्ञान असतं, म्हणून भीती जास्त. आणि औषधाचं कपाट हाताशी, म्हणून दुसऱ्याकडे जायचा कंटाळा. स्वतःवर आणि घरच्यांवर स्वतःच उपचार करू नयेत, हा डॉक्टरी व्यवसायातला संकेत उगीच पडलेला नाही. स्वतःची नाडी पाहणाऱ्याचा अंदाज बिघडतो. एक तर तो घाबरतो, नाही तर 'काही नाही' म्हणून मोकळा होतो.

आपणही तेच करतो की! माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, माझ्यासारख्याच शाळेत शिकवणाऱ्या. त्यांच्या पर्समध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली तपासणीची चिठ्ठी मी घड्या पडून जीर्ण झालेली पाहिली. आधी मुलीची दहावी, मग गणपती, मग नणंदेचं बाळंतपण, मग दिवाळी. चिठ्ठी आपली पर्सच्या कप्प्यात! शेवटी मुलीनेच एका शनिवारी त्यांना हाताला धरून नेलं. निघालं ते साधंच, रक्त कमी झालं होतं आणि थायरॉइडची गोळी लागली. पण वर्षभर त्या जिना चढताना दम लागतो म्हणून स्वतःलाच आळशी म्हणत होत्या. दुखण्याला आपण स्वभावाचं नाव देतो, ते हे असं.

आता ज्या आजाराने डॉ. कोटणीस गेले, त्याच्याबद्दल चार शब्द सांगितलेच पाहिजेत. कारण तो आजार आजही घराघरांत आहे आणि लपवला जातो, तो मुख्यतः बायकांच्या बाबतीतच. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नीट निदान झालं आणि नीट औषध मिळालं, तर त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात. फेनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून वापरात आहे आणि ज्या १९३८ साली कोटणीस बोटीत बसले, त्याच साली फेनिटॉइन हे दुसरं औषध पुढे आलं. आज तर त्याहूनही चांगली औषधं मिळतात. म्हणजे हा काही देवाचा कोप नाही, की बाहेरची बाधा नाही. हा मेंदूतला विजेचा घोटाळा आहे आणि त्याच्यावर गोळी आहे.

मागे दादरच्या भाजीगल्लीत एका तरुण मुलीला फिट आली. भोवती ही गर्दी! एकाने चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली, दुसरा कांदा फोडायला लागला, तिसरा तिच्या दातांत चमचा घालू पाहत होता. तेवढ्यात एका भाजीवालीने सगळ्यांना बाजूला सारलं, मुलीला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली आपला पदर घडी करून ठेवला. ती म्हणाली, "माझ्या भावाला येते. थांबा, आपोआप थांबेल." आणि खरंच, दोन मिनिटांत थांबली.

त्या भाजीवालीने केलं तेच बरोबर. आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा. माणसाला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल आणि श्वास कोंडणार नाही. गळ्याशी काही घट्ट असेल तर सैल करा. तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीसुद्धा पाजू नका. आणि घड्याळाकडे पाहा. झटका ५ मिनिटांपेक्षा जास्त चालला, शुद्धीवर न येता दुसरा आला, लागलं असेल, बाई गरोदर असेल किंवा आयुष्यातला पहिलाच झटका असेल, तर वेळ न दवडता हॉस्पिटल गाठा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. लागोपाठचे झटके जिवावर बेततात, हे कोटणीसांच्या शेवटाने आपल्याला शिकवलेलंच आहे.

आणखी एक गोष्ट स्वयंपाकघरातली. आपल्याकडे अपस्मारामागचं एक मोठं कारण म्हणजे डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी. 'आम्ही तर शाकाहारी' असं म्हणून सुटका नाही. ही अंडी दूषित पाण्यातून, न धुतलेल्या कोथिंबीर-पालकातून आणि अस्वच्छ हातांतूनही पोटात जातात आणि अळी मेंदूत जाऊन बसते. तेव्हा कच्च्या खायच्या पालेभाज्या वाहत्या पाण्याखाली नीट धुवा आणि शौचाहून आल्यावर व जेवणाआधी साबणाने हात, ही शिस्त घरात सगळ्यांनाच लावा.

आता नाजूक विषय. लग्नाचा. कित्येक घरांत मुलीच्या गोळ्या माहेरहून निघताना बॅगेच्या तळाशी दडवल्या जातात आणि सासरी कुणी पाहील म्हणून बंद केल्या जातात. मैत्रिणींनो, ह्यापरती धोक्याची गोष्ट नाही. गोळी अचानक बंद झाली की झटके उसळून येतात. पूर्वी कायद्याचंही भय होतं. १९७६ च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारा अपस्मार हा लग्नाच्या आड येणारा दोष मानला होता आणि त्यावरून लग्न रद्द ठरवून मागता येत असे. १९९९ साली ते शब्द कायद्यातून काढून टाकण्यात आले. तेव्हा आता लपवायचं कारण उरलेलं नाही. ठरवण्याआधीच दोन्ही घरांनी मोकळेपणी बोलावं, जमलं तर डॉक्टरांसमोर बसून बोलावं. जी माणसं एका गोळीने मागे फिरतात, ती पुढच्या मोठ्या दुखण्यात काय साथ देणार?

आणि ज्या गोळ्या घेतात त्यांच्यासाठी: अपस्मार असलेल्या बहुतेक स्त्रियांना निरोगी मुलं होतात. मात्र दिवस राहण्याआधी डॉक्टरांना सांगा. व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं गर्भाला अपाय करू शकतात, ती आधीच बदलावी लागतात. फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही सुरू करून देतात. पण काही झालं तरी स्वतःच्या मनाने, शेजारणीच्या सांगण्यावरून, गोळी थांबवायची नाही.

शेवटी आपल्या सगळ्यांसाठी, आजार असो वा नसो. तिशी उलटली की वर्षातून एकदा ब्लडप्रेशर, साखर आणि हिमोग्लोबिन बघून घ्यावं. स्तनांची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी किती वर्षांनी करायची, ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. सरकारी कार्यक्रमातही ह्या तपासण्या तिशीपासूनच सांगितल्या आहेत. आणि एक युक्ती सुचवते. आपली तक्रार मनात ठेवू नका, घरात कुणातरी एकाला मोठ्याने सांगा आणि त्यालाच म्हणा, "पंधरा दिवसांत मी गेले नाही तर मला घेऊन जा." नवऱ्याला सांगा, मुलीला सांगा, नाही तर जावेला सांगा. कोटणीसांच्या आजूबाजूला सांगणारे होते, हाताला धरून नेणारं कुणी नव्हतं. युद्धात ते शक्यही नव्हतं. आपल्या घरात युद्ध नाही, फक्त कामं आहेत. ती आपण दोन तास नसलो तर खोळंबतील, पण आपणच नसलो तर कायमची खोळंबतील.

भिंतीवरच्या कालनिर्णयवर तुम्ही दुधाचे खाडे मांडता, गॅसची तारीख लिहिता, मुलांच्या परीक्षा लिहिता. ह्या महिन्यातल्या एका चौकोनात स्वतःचं नाव लिहा. नुसतं नाव. त्या दिवशी डबे करून झाले की साडी बदला आणि दवाखान्याच्या रांगेत रोगी म्हणून बसा. डॉक्टरांनी "काय होतंय?" विचारलं की "विशेष काही नाही" एवढं मात्र म्हणू नका.